कळसूबाईला जाताना काय घालावं

"चप्पल?" राजशेखर तोडकरीने माझ्या पायांकडे बघत विचारलं.

"हो," मी म्हणाले.

"कागदात बूट लिहिले होते. पहिल्याच पानावर."

"वाचलं मी."

तो दोन पावलं मागे सरकला आणि त्याने मला वरपासून खालपर्यंत नीट पाहून घेतलं. मुलगी पाहायला आलेला माणूस पाहतो तसं ते पाहणं नव्हतं. दुरुस्तीला आलेलं यंत्र कुठून उघडावं याचा विचार करत माणूस उभा राहतो, तसा तो उभा होता. माझ्या अंगावर सुती इरकल होतं, खांद्याला पर्स लटकत होती, एका हातात कापडी पिशवी होती आणि काखेत सोलापुरी चादरीची जाडजूड घडी. स्वेटर नव्हता. टोपी नव्हती.

"पिशवीत काय आहे?"

"धपाटी. शेंगाचटणी. आरसा, पावडरचा डबा. छत्री."

"छत्री कशाला?"

"वर ऊन लागलं तर."

त्याने क्षणभर डोळे मिटले. मला फार बरं वाटलं. काम होत होतं.

बारी गावातल्या शाळेच्या ओट्यावर आम्ही चौघं उभे होतो. राजशेखर, त्याची मोठी बहीण सुवर्णाक्का, मी आणि माझा सिद्धूमामा. जानेवारीतली सकाळ होती. गवतावर दव गोठल्यासारखं पांढरं दिसत होतं आणि समोर कळसूबाईचा डोंगर, ज्याचा माथा पाहायला मान पाठीला टेकवावी लागत होती. हा आमचा मुलगी पाहण्याचा कार्यक्रम होता.

राजशेखर पुण्याच्या एका कारखान्यात इंजिनीअर होता. पोह्यांवर त्याचा विश्वास नव्हता. घरात बसवलेली मुलगी खरी दिसत नाही, माणसाचा स्वभाव चढावर कळतो, असं त्याचं म्हणणं. म्हणून त्याने सोलापूरला आमच्या घरी पत्रिकेऐवजी चार पानं टाइप करून पाठवली होती. हिवाळ्यात डोंगरावर जाताना काय घालावं आणि बरोबर काय घ्यावं, याबद्दल. पातळ कपड्यांचे थर, त्यावर लोकरीचा स्वेटर, त्यावर वारा अडवणारं जाकीट. मोज्यांचे दोन जोड. कान झाकणारी टोपी. ओझं सगळं पाठीवर, हात मोकळे. सुती कपडा अंगालगत नको, कारण तो घाम धरून ठेवतो. हे शेवटचं कलम माझ्या वडिलांनी, अप्पांनी, अव्वाला म्हणजे आईला मोठ्याने वाचून दाखवलं आणि मधेच थांबून ते गप्प झाले. अव्वाने पदर तोंडाला लावला. अप्पांनी पानांची घडी करून माझ्या हातात दिली.

"बघ, काय काय लागतंय ते," एवढंच म्हणाले.

मी तो हुकूम समजले. आमच्या घरात अप्पांना कुणी नको म्हणत नसे. ते रागीट होते म्हणून नव्हे. ते चादरीच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम होते, दिवसभर मागांच्या खडखडाटात उभे राहून घरी आल्यावर त्यांना बोलायचा कंटाळा असे. आणि जो माणूस बोलतच नाही त्याला नको म्हणायचं कसं, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते, एका सहकारी बँकेत नोकरीला होते, काउंटरवर बसून दिवसभर लोकांना नियम सांगत होते. पण घरात आजवर एका गोष्टीला नाही म्हटलेलं नव्हतं. लग्नाआधीच माझे मोजे ठरवणारा नवरा मला नको होता. ते अप्पांना सांगणं मात्र मला कळसूबाईपेक्षा अवघड वाटत होतं.

तेव्हा नकार त्याच्याकडून यावा, असं मी ठरवलं.

त्याची ती चार पानं जगात कुणी वाचली नसतील इतक्या बारकाईने मी वाचली. एकेका वस्तूसमोर तिच्या नेमकं उलट काय असेल, याचा विचार केला. हे सोपं नव्हतं. गुळगुळीत तळाची, पण शिडीवर जीव जाणार नाही अशी चप्पल शोधायला मी तीन संध्याकाळी बाजार पालथा घातला. इरकल धुऊन, खळ घालून कडक केलं. पंधरा दिवस घरात दुसरा विषय नव्हता. अप्पा वर्तमानपत्राआडून बघत असायचे. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी कारखान्यातून नवी चादर आणून माझ्या अंथरुणावर ठेवली. "थंडी असंल," म्हणाले.

सोबत म्हणून सिद्धूमामाला पाठवायचं ठरलं. मामा जकात नाक्यावर कारकून. एकटा जीव, अंगाने स्थूल, मनाने आज्ञाधारक. लिहिलेल्या कागदावर त्याची फार श्रद्धा. त्याने ती पानं माझ्याकडून मागून घेतली, दोन वाचली, आणि त्यात लिहिलेलं सगळं घेतलं. घेतलं म्हणजे त्या सकाळी सगळं एकदम अंगात घातलं. बनियन, शर्ट, त्यावर शर्ट, स्वेटर, प्लॅस्टिकचं जाकीट, माकडटोपी.

"मामांचं बघा," राजशेखर मला म्हणाला. "याला म्हणतात तयारी."

मामा टोपीतून लाजला आणि सगळ्यांच्या पुढे चालायला लागला.

पहिला तासभर माझं सगळं ठरवल्याप्रमाणे चाललं. निऱ्या पायात येत होत्या, पर्स पुढे येऊन गुडघ्यावर आपटत होती, आणि राजशेखर माझ्याबरोबर चालत प्रत्येक चूक मला समजावून सांगत होता. तो वाईट बोलत नव्हता. त्याचं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. पाऊल पूर्ण टेकवा. नाकाने श्वास घ्या. तहान लागायच्या आधी पाणी प्या. "चादर अशी काखेत धरली की एक हात गेला. हात गेला की तोल गेला," तो म्हणाला, आणि त्याने चादर माझ्या पाठीवर कशी बांधायची ते दोनदा करून दाखवलं. मी मुद्दाम तिसऱ्यांदा विचारलं. त्याने तिसऱ्यांदाही दाखवलं.

मी मनात म्हटलं, आता कंटाळेल. मग म्हटलं, आता तरी कंटाळेल. पण पहिल्या लोखंडी शिडीशी पोचलो तेव्हा तो शीळ घालत होता.

वरच्या अंगाला एक विहीर आहे, तिथे दम घ्यायला आम्ही थांबलो. राजशेखर पाणी काढायला गेला. मामा केव्हाच पुढे निघून गेला होता. सुवर्णाक्का माझ्याशेजारी दगडावर बसली. छत्तिशीची असेल. शाळेत शिकवायची, भावाचं घर सांभाळायची. सकाळपासून ती चार शब्द बोलली नव्हती.

"गिरिजा, एक विचारू? तू हे मुद्दाम करतेयस ना?"

मी पर्सचा पट्टा सारखा केला.

"बँकेत काम करणारी मुलगी डोंगरावर पावडरचा डबा आणत नाही," ती म्हणाली. "तुला तो नको आहे. मग हे चुकतंय तुझं."

"म्हणजे?"

"तू चौथी आहेस. पहिलीचे बूट याच्या बुटांपेक्षा चांगले होते. दुसरी उतरताना याच्या पुढे गेली. तिसरीने कागदातली चूक काढून दाखवली. तिघींना यानेच नाही म्हटलं."

"आणि मी?"

सुवर्णाक्काने विहिरीकडे पाहिलं. राजशेखर पाण्याची बाटली फडक्याने पुसत होता, आणि पुसता पुसता शीळ घालत होता.

"इतका खूश मी त्याला बारावीच्या निकालानंतर पाहिलं नाही," ती म्हणाली.

मी उठले, कासोटा मारून साडी घट्ट केली, पर्स पिशवीत कोंबली, पिशवी चादरीत घालून गाठोडं पाठीला बांधलं आणि पुढची शिडी न थांबता चढून गेले. लहानपणी आजोळी शेतातल्या मचाणावर चढायची मला सवय होती. ती गेले काही तास मी लपवून ठेवली होती. वर पोचून मागे वळून पाहिलं. राजशेखर माझ्यामागोमाग येत होता आणि त्याचा चेहरा उजळलेला होता.

"पाहिलंत?" तो खालून म्हणाला. "एकदा सांगितलं की येतं."

शेवटच्या चढावर वारा लागला. सोलापूरच्या माणसाला वारा म्हणजे गरम हवा, एवढंच ठाऊक. हा वारा वेगळा होता. साडीतून आरपार जात होता. मी चादर उलगडून अंगाभोवती घट्ट गुंडाळली. माथ्यावर देवीचं छोटं देऊळ आहे. मामा कुठे दिसेना. देवळाला वळसा घातला तेव्हा तो सापडला, नेमका जिकडून वारा येत होता त्या बाजूला बसलेला. चढून उकडलं म्हणून वर आल्यावर त्याने जाकीट आणि टोपी काढून शेजारी ठेवली होती. दोन्ही वाऱ्याने केव्हाच दरीत नेली होती. स्वेटर भिजून अंगाला चिकटला होता. घामाने तो धुतल्यासारखा भिजला होता. त्याचे ओठ निळसर दिसत होते आणि दात वाजत होते.

"मामा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "शांते," म्हणाला, "दार लाव की गं. गार वारं येतंय."

शांता म्हणजे माझी अव्वा. मी त्याचा हात धरला. बोटं लाकडासारखी झाली होती.

राजशेखर मामासमोर उकिडवा बसला. "हेच," तो म्हणाला. "हेच मी चौथ्या पानावर लिहिलंय. थर घालायचे ते काढण्यासाठी असतात. चढताना काढायचे, थांबल्यावर घालायचे. हे न काढता चढले. आता घाम थंड झालाय आणि वारा अंगातली उष्णता ओढून नेतोय. याच्या तीन अवस्था असतात. पहिलीत माणूस थरथरतो. दुसरीत बोलणं—"

"तुमच्या बॅगेत कोरडा स्वेटर आहे?"

"आहे. पण तो राखीव आहे. आणीबाणीसाठी."

"मग काढा."

"तेच सांगतोय. ही पहिली आणि दुसरीच्या मधली अवस्था आहे. थरथर अजून चालू आहे, म्हणजे शरीर—"

मी त्याच्या खांद्यावरून बॅग ओढून घेतली. तो बोलत राहिला. मी बॅगेचे बंद सोडले, स्वेटर काढला, गरम बनियन काढलं, चहाचा थर्मास काढला. अक्का आणि मी मामाला काखांत धरून देवळाच्या दुसऱ्या बाजूला, भिंतीच्या आडोशाला आणलं.

"आधी वाऱ्यातून हलवायचं," राजशेखर मागून येत सांगत होता.

अक्काने चादर आडवी धरली. मी मामाचा स्वेटर, दोन्ही शर्ट आणि बनियन ओरबाडून काढलं.

"मग ओले कपडे उतरवायचे. लाजायचं नाही."

मी माझ्या पदराने मामाचं अंग कोरडं केलं आणि त्याच्या डोक्यातून कोरडं बनियन घातलं, त्यावर स्वेटर.

"मग अंगालगत कोरडं, त्यावर लोकर."

तो सगळा वेळ असाच माझ्या एक पाऊल मागून बोलत होता. मी वळून त्याच्यासमोर हात पुढे केला.

"टोपी."

तो थांबला. त्याच्या डोक्यावरची लोकरीची टोपी राखीव सामानातली नव्हती, ती त्याची स्वतःची होती. त्याने ती काढली आणि पुढे होऊन स्वतःच मामाच्या डोक्यावर घातली, कानांवर नीट ओढली. टोपी नसलेला तो जरा लहान दिसत होता. त्या सबंध प्रसंगात त्याने हाताने केलेलं काम ते एवढंच.

मग अक्काने आणि मी मामाला मधे घेऊन तिघांभोवती चादर गुंडाळली आणि त्याला चहा घोटाघोटाने पाजला. मला भीती वाटत होती. खाली उतरायला दोन-तीन तास, मधे शिड्या, आणि मामाचं वजन आम्हा तिघांना पेलणारं नव्हतं. तो पुन्हा पुन्हा अव्वाचं नाव घेत होता. मी त्याचे तळहात चोळत राहिले. थरथर आधी वाढली, मग कमी झाली. बऱ्याच वेळाने त्याने चादरीतून डोकं बाहेर काढलं.

"गिरिजा," तो म्हणाला, "धपाटं हाय का गं?"

सुवर्णाक्का हसायला लागली आणि हसता हसता तिने डोळे पुसले.

उतरताना मी ठरवेन तसं झालं. राजशेखर पुढे, म्हणजे शिडीवर मामाचा पाय घसरलाच तर खाली माणूस असावा. मग मामा, मग मी, शेवटी अक्का. दर शिडीनंतर थांबायचं, आणि मी म्हटल्याशिवाय निघायचं नाही. मी तीन थोरल्या माणसांना हुकूम सोडत होते आणि तिघेही ऐकत होते. बँकेच्या काउंटरवरही माझं कुणी इतकं ऐकत नसे. राजशेखर वाटेत फारसा बोलला नाही. मी समजले, दुखावला. बॅगेला हात घातला, डोक्यावरची टोपी काढायला लावली. आता काही हा हो म्हणत नाही.

पुण्याच्या स्टेशनवर अक्काने माझा हात दाबला. "सुटलीस," ती हळूच म्हणाली. "ज्यांना येतं त्यांना तो नाही म्हणतो." तिच्या आवाजात थोडी निराशा होती. भावाचं लग्न झालं असतं तर तिला धारवाडच्या शाळेत जाता आलं असतं, हे मला तिने नंतर केव्हातरी सांगितलं. गाडीत मी सोलापूर येईपर्यंत झोपले.

आठवड्याभराने राजशेखरचे काका आमच्या घरी आले. अव्वाने त्यांना खाराब्याळी, म्हणजे आमच्याकडची तिखट आमटी, आणि भात वाढला. हात धुतल्यावर ते लोडाला टेकले आणि म्हणाले, "मुलाची पसंती आहे."

मी उचललेलं ताट परत खाली ठेवलं.

"तुमच्या मुलीवर फार खूश आहे," काका अप्पांना सांगत होते. "म्हणाला, काका, डोंगरावर एकदम बाका प्रसंग आला. मी एकेक सांगत गेलो आणि ती एकेक करत गेली. ओले कपडे काढा म्हटलं, काढले. कोरडं घाला म्हटलं, घातलं. एक शब्द वाया गेला नाही. आजवर माझं असं कुणी ऐकलं नव्हतं म्हणाला."

अप्पा मान हलवत होते. काकांनी कळवायला चार दिवस दिले आणि संध्याकाळच्या गाडीने ते गेले.

ते गेल्यावर घर शांत झालं. अप्पा खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसले होते. मामा बाजेवर पडला होता. त्याचा खोकला अजून गेला नव्हता. अव्वा आत भांडी आवरत होती. मी उंबऱ्यात उभी राहिले. आता काही उलटं घालून येण्यासारखं राहिलं नव्हतं.

"अप्पा," मी म्हणाले, "नको."

"काय नको?"

"हे स्थळ."

अप्पांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. "बरं," ते म्हणाले.

मी तशीच उभी राहिले. पुढे काहीतरी येईल म्हणून वाट पाहत. काही आलं नाही. आतून अव्वा हात पुसत बाहेर आली.

"बरं म्हणजे? इतकं मोठं स्थळ, आणि बरं?"

"मला पहिल्या दिवसापासूनच पटलं नव्हतं," अप्पा म्हणाले. मी त्यांना एका दमात इतकं बोलताना क्वचितच ऐकलं होतं. "बाईमाणसानं अंगालगत काय घालायचं हे टाइप करून पाठवतंय. असला कसला जावई? पण ही पंधरा दिवस तयारीला लागलेली. ते कागद उशाशी घेऊन निजायची. नुसत्या चपलेपायी तीन संध्याकाळी बाजार फिरली. म्हटलं, पोरीच्या मनात भरलंय. आपण कशाला आडवं यायचं? म्हणून चादर आणून दिली."

अव्वाने माझ्याकडे पाहिलं, मग अप्पांकडे. "हिला नको होतं. तुम्हाला नको होतं. मला तर तो कागद ऐकूनच लाज वाटली होती. मग हे स्थळ पाहिजे होतं कुणाला?"

बाजेवर मामा खोकला आणि कुशीवर वळला.

"मला," तो म्हणाला.

आम्ही तिघांनी त्याच्याकडे पाहिलं.

"लई चांगला माणूस," मामा म्हणाला. "मला तिथं वर काही सुधरत नव्हतं, पण त्याचा आवाज ऐकू येत होता सारखा. काय करायचं, कसं करायचं, सगळं सांगत होता. आणि स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढून माझ्या डोक्यावर घातली त्यानं. आपलं एवढं कोण करतंय?"

मी तोंड उघडलं. अव्वाने मला डोळ्यांनी गप्प केलं.

त्यानंतर आलेली दोन स्थळं मी त्याच उंबऱ्यात उभी राहून नाकारली आणि तिसऱ्याला हो म्हटलं. दर वेळी अप्पा "बरं" म्हणाले. राजशेखरला आमचा नकार कळवला तेव्हा त्याने उलट टपाली मामाच्या तब्येतीची चौकशी केली आणि खोकल्यावर काय घ्यावं ते सविस्तर लिहिलं. मामाने ते सगळं घेतलं. पुढच्या हिवाळ्यात तो एकटाच पुण्याला गेला, तिथून दोघं मिळून कुठल्याशा गडावर गेले. त्याच्या पुढच्या हिवाळ्यातही गेले. सुवर्णाक्का तोवर धारवाडला निघून गेली होती, तेव्हा मामा गेला की चांगला महिनाभर पुण्यातच राहायचा. त्या दोघांचं बरीच वर्षं फार छान जमलं.